पाव फेरा

जे आपल्याला येत नाही त्यात हात घालण्याचा मोह माणसाला नेमका केव्हा होतो, याचा मी बराच विचार केला आहे. काहीच ठाऊक नसते तेव्हा माणूस भितो. पुरते ठाऊक असते तेव्हा तो जपतो. मोह होतो तो या दोहोंच्या मधल्या अवस्थेत, म्हणजे त्या विषयावरचे एखादे पान नुकतेच वाचून झालेले असते तेव्हा. माझ्या बाबतीत ते पान एका लहानशा इंजिनाच्या माहितीपुस्तिकेतले होते, आणि त्या वाचनाची किंमत मला काजूच्या बावीस झाडांनी मोजावी लागली.

ते सांगण्याआधी आमच्या गावाविषयी दोन शब्द. बुरोंडी हे दापोली तालुक्यातले समुद्राकाठचे गाव. एका अंगाला लाडघर, दुसऱ्या अंगाला कोळथरे. खाली होड्या आणि सुकत घातलेली मासळी. वर चढत गेले की जांभ्या दगडांचे गडगे, आंब्याची कलमे, काजू, आणि त्याहून वर उघडा सडा. पृथ्वीच्या अर्धगोलावर उभा असलेला परशुरामाचा एक मोठा पुतळाही आमच्या गावात आहे. समुद्र मागे हटवून ही भूमी त्याने मिळवली, अशी कथा आपण सारे लहानपणापासून ऐकतो. मात्र मिळवलेल्या भूमीवर दर पावसाळ्यात कमरेएवढे गवत उगवते ते कोणी काढायचे, याची काही व्यवस्था त्याने करून ठेवल्याचे मला कुठल्या पुराणात आढळले नाही.

बागेतले गवत काढण्याला आमच्याकडे बेणणी म्हणतात. शहरातला वाचक म्हणेल, बागेत थोडे गवत असले तर बिघडले कुठे? हिरवे असते तोवर फारसे बिघडत नाही. पण पाऊस गेला, ऑक्टोबरचे ऊन पडले की ते पिवळे पडते, आणि संक्रांतीनंतर फटाक्यांच्या दारूसारखे ठिणगीची वाट पाहत बसते. सड्यावर कुणी विडी टाकावी, कुणी भाजावळीचा विस्तव नीट न विझवता घरी जावे, आणि वाऱ्याबरोबर वणवा खाली बागांत उतरावा, असे आमच्या जिल्ह्यात उन्हाळ्यामागून उन्हाळे घडत आले आहे. म्हणून दिवाळीच्या आगेमागे बेणणी उरकायची आणि बागेच्या चारी कडांना पाच-सहा हातांचा पट्टा अगदी झाडून साफ ठेवायचा, ही रीत वडिलांनी घालून दिलेली.

वडिलांच्या वेळी वाडीतले पाचसहा जण कोयते घेऊन येत. दुपारी भाकरी आणि सुकट, संध्याकाळी चहा, आणि आठ दिवसांत बाग लख्ख. ते हात आता थकले किंवा गेले. त्यांची मुले मुंबईला. गणपतीला आणि शिमग्याला गावी येतात. गणपतीला आलेल्या चाकरमान्याला 'कोयता घे' म्हणणे म्हणजे पंगतीला बसलेल्या पाहुण्याला भांडी घासायला लावण्यासारखे आहे. तेव्हा यंत्र आले. त्याला गावात सगळे 'ग्रास कटर' म्हणतात. एक लांब दांडा, त्याच्या खालच्या टोकाला गरगर फिरणारी नायलॉनची दोरी किंवा पोलादी पाते, आणि वरच्या टोकाला सोललेल्या नारळाएवढे इंजिन. पट्ट्याने खांद्याला अडकवायचे, दोन्ही हातांनी मुठी धरायच्या आणि डावीउजवीकडे झुलत पुढे सरकायचे.

दोरीने गवत कापण्याची कल्पना अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरच्या जॉर्ज बॅलस नावाच्या गृहस्थांना १९७१ साली सुचली. मोटारी धुण्याच्या यंत्रातले गरगरणारे नायलॉनचे केस पाहून त्यांना वाटले, असेच काही झाडाच्या बुंध्याजवळचे गवत काढायला का वापरू नये? त्यांनी एका रिकाम्या डब्याला भोके पाडली, त्यांतून मासे पकडायची दोरी ओवली आणि तो डबा यंत्राला लावून फिरवला. ही हकिगत वाचली तेव्हा मला मौज वाटली. मासे पकडायच्या दोरीची आमच्या गावाला काय कमतरता? पण ती डब्यात ओवून पाहण्याची बुद्धी आमच्यापैकी एकालाही झाली नाही.

आमच्या घरी कटर येण्याचे कारण मात्र वेगळे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' नावाचे वादळ या किनाऱ्यावरून गेले. वडिलांनी लावलेली आंब्याची अकरा कलमे एका दुपारी मुळांसकट आडवी झाली. वडील तेव्हा हयात नव्हते, हे बरे की वाईट, ते मला अजून ठरवता आलेले नाही. रस्ते झाडांनी बंद, वीज नाही, फोन नाही. चौथ्या दिवशी आमच्या आळीत एक तरुण लाकडे कापायची पेट्रोलवरची करवत घेऊन आला आणि रस्त्यावरचे ओंडके कापून बाजूला करू लागला. मी ओळखले नाही. त्यानेच हसून 'सर' म्हटले, तेव्हा ओळख पटली. माझा जुना विद्यार्थी. नववीतून शाळा सोडून मुंबईला एका गॅरेजात गेलेला, आणि त्या वर्षी टाळेबंदीत गावी परतलेला. पैसे देऊ लागलो तर त्याने घेतले नाहीत. पुढे त्याने रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड टाकून दुरुस्तीचे दुकान काढले.

पुढल्या वर्षीच्या पावसात, म्हणजे २०२१ साली, पडलेल्या कलमांच्या जागी आणि वरच्या मोकळ्या टप्प्यात मी काजूची साठ कलमे लावली. वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्रात तयार झालेल्या 'वेंगुर्ला चार' आणि 'वेंगुर्ला सात' या जाती. सौभाग्यवतींनी प्रत्येक झाडाला पहिली दोन वर्षे हाताने पाणी घातले. आणि ज्या कादंबरीने मला कीर्ती दिली नाही तिने थोडे मानधन दिले; त्यातून कटर घेतला. माझ्या साहित्याचा समाजाला झालेला हा एकमेव प्रत्यक्ष उपयोग असावा.

आता थोडे त्या इंजिनाविषयी. ते टू-स्ट्रोक जातीचे. पिस्टन एकदा वर, एकदा खाली, आणि तेवढ्यात एक स्फोट. मोटारीच्या इंजिनाला ह्याच कामासाठी चार हेलपाटे लागतात. या साध्या रचनेचे एकस्व इंग्लंडातल्या बाथ शहरच्या जोसेफ डे यांनी १८९१ साली घेतले. आपल्याकडे घरोघरी हे इंजिन पोचवले ते लूनाने. किनेटिक कंपनीने १९७२ साली लूना बाजारात आणली, आणि पुढे माझ्या वडिलांनीही एक घेतली. पंपावर पेट्रोल घेताना त्यात मापाने तेल ओतून घेत असत ते मला आठवते. मी विचारायचो, 'तेल कशाला?' ते म्हणायचे, 'हिला वेगळे तेलाचे पोट नाही. जेवतानाच तिला तेलही भरवावे लागते.' हे वाक्य मी वेळेवर आठवले असते तर हा लेख लिहायची पाळी आली नसती.

पेट्रोल आणि हवा यांची मोट बांधणारा अवयव म्हणजे कार्बोरेटर. आगपेटीहून थोडा मोठा. त्याच्या पोटातून एक वाट जाते आणि ती मध्ये अरुंद होते. खाडीचे मुख चिंचोळे असले की ओहोटीचे पाणी तिथे कशी ओढ घेते, हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको. हवेचेही तसेच. चिंचोळ्या जागी ती वेगाने धावते आणि तिथला दाब उतरतो. हा नियम डॅनियल बर्नोलीने १७३८ साली मांडला. दाब उतरला की शेजारच्या बारीक भोकातून पेट्रोल आपोआप वर ओढले जाते आणि हवेत मिसळते. पेट्रोल किती यावे हे ठरवायला दोन चिमुकले स्क्रू असतात: इंजिन मंद चालताना एक, भरधाव चालताना दुसरा. पहिल्यावर इंग्रजी 'एल', दुसऱ्यावर 'एच'. स्क्रू घड्याळाच्या काट्यांप्रमाणे आत फिरवला की पेट्रोल कमी, उलटा फिरवला की जास्त. तिसरा एक स्क्रू फक्त मंद चालीचा वेग ठरवतो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये, एका रविवारी, आमचा कटर धूर काढू लागला आणि धापा टाकू लागला. मी पुस्तिका उघडली. 'मिश्रणात पेट्रोल जास्त असल्यास धूर येतो,' एवढे वाक्य वाचले आणि माझ्यातला शास्त्रज्ञ जागा झाला. माझे शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक. आमच्या वेळी त्या परीक्षेला कुणी मॅट्रिक म्हणत नसे, पण वडील अखेरपर्यंत म्हणत आणि म्हणून मीही म्हणतो. पुढे चित्रकलेच्या शिक्षकाची पदविका घेतली एवढेच. तेव्हा यंत्रातले काही मला आपल्या हाताने जमणार, या कल्पनेने मला जो आनंद झाला तो इंजिनिअर माणसाला कळणार नाही. मी पेचकस घेतला आणि 'एच' लिहिलेला स्क्रू आत फिरवला. पाव फेरा. धूर कमी झाला. आणखी पाव फेरा. धूर नाहीसा! इंजिनाची चाल वाढली, आवाज बारीक आणि सुरेल झाला. सौभाग्यवती ओटीवर येऊन म्हणाल्या, 'अहो, खरेच की, बरे केलेत.' गडग्यापलीकडून शेजारचे काका म्हणाले, 'मास्तर, आज मशीन गातंय तुमचं!'

ते खरोखरच गात होते. वरच्या टप्प्यात मी अर्धा तास कापले असेल. गवत उंच, ऊन कडक. आवाज आपोआप चढत गेला, इतका की मी एकदा थांबून कौतुकाने ऐकलेदेखील. मग एकाएकी हातांना हिसका बसला आणि सारे शांत झाले. दोरी ओढून पाहिली तर ती हलेना.

कटर खांद्यावर टाकून मी शेडवर गेलो. त्याने प्लग काढला, उजेडात धरला आणि माझ्यापुढे केला. टोक पांढरेफटक, राखेसारखे. मग सिलिंडर सोडवून दाखवला. पिस्टनच्या अंगावर उभे चरे पडले होते आणि त्याची धातू वितळून भिंतीला लागली होती.

त्याने विचारले, 'सर, स्क्रूला हात कुणी लावला?'

वर्गात खडू कुणी फेकला असे मी विचारले की मुले जशी जमिनीकडे बघतात तसा मी जमिनीकडे बघितले.

तो जे बोलला ते सावकाश, अडखळत बोलला. लहानपणापासून त्याची जीभ अडते. ते अडखळणे मी इथे उतरवत नाही. त्याने जे सांगितले ते त्याच्या अडखळण्यापेक्षा महत्त्वाचे आहे. तो म्हणाला, 'पेट्रोल कमी केलंत, म्हणजे तेलपण कमी केलंत. दोन्ही एकाच वाटेनं येतात. गरम होणार, आणि तेल नाही. आवाज चढतो ना, तो जोर नाही, सर. ते तडफडणं असतं.'

'पण धूर येत होता,' मी म्हणालो.

त्याने हवेच्या फिल्टरचे झाकण उघडले. आतला स्पंज गवताच्या भुकटीने पार माखला होता. हवेलाच वाट नव्हती, म्हणून पेट्रोल जास्त वाटत होते. साबणाच्या पाण्यात दोन मिनिटे धुतला असता तर स्क्रूकडे बघायचीही गरज नव्हती. तो म्हणाला, 'आधी फिल्टर, मग पेट्रोल ताजं आहे का, मग प्लग. स्क्रू सगळ्यात शेवटी.'

पिस्टन आणि सिलिंडर बाहेरगावाहून मागवावे लागले. त्यात तीन आठवडे गेले. ते दिवस भातकापणीचे, त्यामुळे कोयत्याला माणूस मिळेना. मग दिवाळी आली. मग माझ्या नव्या कादंबरीची मुद्रिते आली, आणि ती तपासण्यात मी सुट्टीचे उरलेले दिवस घालवले. यंत्र हाती आले तेव्हा डिसेंबर लागला होता. गवत वाळून आडवे झाले होते, आणि आडवे गवत कापणे हे उभ्याच्या दुप्पट काम. बागेच्या तीन कडा मी साफ केल्या. चौथी, सड्याच्या अंगाची, 'पुढच्या रविवारी' म्हणून ठेवली. ते पुढचे रविवार एकामागून एक कसे निघून जातात हे गृहस्थाश्रमी वाचकांना सांगायला नको.

फेब्रुवारी २०२४. काजू तिसऱ्या वर्षात आलेले, आणि पहिला मोहोर धरलेला. शनिवारची सकाळची शाळा सुटून मी घरी येत होतो, तेव्हा सड्यावर धूर दिसला. पोचेपर्यंत वणवा चौथ्या कडेने आत शिरला होता. वाडीतले लोक धावत आले. हिरव्या डहाळ्या तोडून झोडपत होते, बायका कळशांनी पाणी आणत होत्या. वणवा कसा आवाज करतो हे ज्याने ऐकले नाही त्याला ते सांगता येणार नाही. आपण एका जागी विझवावे आणि पाठीमागे दुसऱ्या जागी तो पुन्हा उठावा. झाडे लहान. पानांत तेल. एकेक झाड एकदम पेटायचे, आणि सौभाग्यवती त्या झाडांकडे बघत कळशी हातात धरून नुसत्या उभ्या होत्या.

तेवढ्यात तो आपला कटर घेऊन वर आला. कातळावर पाते लागले तर ठिणगी उडते, म्हणून त्याने दोरी लावून आणली होती. आग कुठल्या दिशेने चालली आहे ते त्याने क्षणभर पाहिले आणि पन्नास पावले पुढे, उरलेल्या कलमांच्या अलीकडे, जाऊन उभा राहिला. त्याने यंत्र सुरू केले. माझ्या कानांना ते आजारी वाटले. भर्र, भर्र, मध्येच थबकणे, पुन्हा भर्र. मला वाटले, हे काय कापणार? मग त्याने ते गवतात घातले, आणि गवताचा भार पडताच ते थबकणे नाहीसे झाले. एकसारखा, जाड, भरलेला आवाज. तो पुढे कापत गेला, आम्ही मागोमाग कापलेले गवत हातांनी आणि दाताळ्यांनी ओढून काढले. पट्टा पुरा झाला तेव्हा आग दहा हातांवर होती. पट्ट्याशी येऊन ती बसली.

साठांपैकी बावीस झाडे गेली. अडतीस राहिली, आणि खालच्या टप्प्यातली वडिलांच्या हातची उरलेली सर्व कलमे राहिली.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्याच्या शेडवर जाऊन बसू लागलो. कार्बोरेटर लावायला शिकायचे असे मी ठरवले होते. त्याने मला जे शिकवले ते वाचकांपैकी कुणाच्या घरी असे यंत्र असेल तर उपयोगी पडेल, म्हणून सांगतो. इंजिन आधी पाच मिनिटे चालवून गरम करावे. थंड इंजिनावर लावलेला स्क्रू गरम झाल्यावर खोटा ठरतो. स्क्रू कुठे होता ते फिरवण्यापूर्वी लिहून ठेवावे. प्रथम 'एल'. मंद चालीवर तो हळूहळू आत न्यावा, चाल पडू लागते. बाहेर आणावा, पुन्हा पडू लागते. या दोहोंच्या मध्ये जिथे चाल सर्वांत जास्त असेल तिथून किंचित बाहेरच्या बाजूला ठेवावा. मूठ दाबल्यावर इंजिन थबकत असेल तर आणखी थोडा बाहेर. मग तिसऱ्या स्क्रूने मंद चाल इतकी उतरवावी की इंजिन चालू राहील पण खालची दोरी फिरणार नाही. मंद चालीतही दोरी फिरणारे यंत्र पायाचा घात करते.

सर्वांत शेवटी 'एच', आणि इथेच माझे चुकले होते. पूर्ण वेगात, दोरी पुऱ्या लांबीची असताना, हा स्क्रू आधी बाहेर आणायचा. इंजिन अडखळू लागते. पेट्रोल जास्त असल्याने ते दर फेरीला पेटत नाही, मधली फेरी चुकते. आता स्क्रू अगदी हळू, केसाकेसाने आत न्यायचा, आणि अडखळणे संपायच्या थोडे आधी थांबायचे. मी पहिल्यांदा ते पुरते संपेपर्यंत फिरवला. त्याने माझ्या हातातला पेचकस धरला.

'थोडं अडखळू दे, सर,' तो म्हणाला. 'रिकामं आहे म्हणून अडखळतंय. कामाला लागलं की आपोआप सरळ होईल. इथं उभं असताना जे गोड वाजतं ते गवतात जळतं.'

पुढे प्लग काढून पाहायचा. काळा आणि ओला असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा असेल तर कमी, बिस्किटासारखा तपकिरी असेल तर ठीक. तेल लिटराला वीस मिलिलिटर की चाळीस, ते यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असते आणि तिथे अंदाज चालत नाही. आणि एक नवी गोष्ट. २०२५ साली आपल्या पेट्रोलातले इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांवर पोचले. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते, आणि आमच्या किनाऱ्याच्या हवेत पाण्याला तोटा नाही. शिवाय त्याला जळायला हवा कमी लागते, म्हणून जुन्याच बेतावर लावलेला स्क्रू थोडा कमी पडतो. तेव्हा मिश्रण लागेल तेवढेच करावे, आणि हंगाम संपला की टाकी रिकामी करून, इंजिन आपणहून बंद पडेपर्यंत चालवून मगच यंत्र टांगावे. कार्बोरेटरातल्या रबराच्या पापुद्र्यासारख्या चकत्या, ज्यांच्यामुळे यंत्र आडवेतिडवे धरले तरी पेट्रोल पोचत राहते, त्या साचलेल्या पेट्रोलात कडक होतात.

इतके सगळे मी वहीत लिहून घेतले, आकृत्याही काढल्या. तो माझ्या आकृत्या बघून खूश झाला. 'चित्रकलेचा तास मला आवडायचा,' तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, हातातला जेट फुंकत, 'वाचनाचा नाही आवडायचा.'

मी लिहितो म्हणून शाळेने त्या काळी आठवी-नववीचा प्रकट वाचनाचा तासही माझ्याकडे दिला होता. हा मुलगा उभा राहिला की पहिल्याच शब्दाला अडायचा, मुले हसायची, आणि वेळ जातो म्हणून मी त्याला 'बस खाली' म्हणायचो. कधी मारले नाही, कधी रागावलोही नाही. फक्त बसवले. दोन वर्षांत त्याने माझ्यापुढे एकही परिच्छेद पुरा केला नाही. पुढे तो शाळेत यायचा थांबला तेव्हा मुले जातात तसा हाही गेला, एवढेच मला वाटले.

हे मी त्याला त्या दिवशी बोलून दाखवायला हवे होते. शब्द माझ्या धंद्याचे. पण त्या वेळी माझीच जीभ अडली. मी म्हणालो, 'तुला मी कधी पुरे वाचू दिले नाही.' तो म्हणाला, 'घाई असायची, सर, तुम्हाला.' आणि मग त्याने जेट उजेडात धरला आणि त्यातून पलीकडे आकाश दिसते का ते पाहिले.

त्या वर्षापासून वाचनाचा तास मी मागून घेतला आहे. जे मूल अडते त्याला थांबू देतो. वर्ग हसला तर हसणाऱ्याकडे बघतो. घड्याळाकडे बघत नाही, असे म्हणता आले असते तर बरे झाले असते. बघतो, पण बोलत नाही. यातून कुणाची जीभ सुटली असे सांगण्याजोगे काही घडलेले नाही. काही मुले परिच्छेद पुरा करतात. एवढेच.

२०२४ च्या पावसात बावीस खड्ड्यांत नवी कलमे लावली. त्यांपैकी एकोणीस धरली आहेत. तीन खड्डे भरायचे आहेत. सौभाग्यवती पुन्हा कळशी घेऊन जातात. यंदा नवरात्र संपताच मी कटर खाली काढला, फिल्टर धुतला, ताजे मिश्रण केले आणि अंगणात सुरू करून स्क्रू लावला. शेजारचे काका गडग्यावर येऊन ऐकत उभे राहिले. म्हणाले, 'मास्तर, अडखळतंय हो थोडं. आणून दाखवा त्याला.'

'त्यानेच असे लावायला शिकवले आहे,' मी म्हणालो, आणि पट्टा खांद्याला अडकवून वर गेलो. यंदा चौथी बाजू मी सर्वांत आधी कापली.